माथ्यावरच्या पाण्यात वाटा कोणाचा?



तीर्थपुरीजवळच्या भिल्ल वस्तीवर आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. यंदा पावसाळ्याआधी आम्ही मुलांना ‘पाणलोट’ हा विषय शिकवायला घेतला. तो कसा शिकवला आणि त्यातून आम्हीच काय शिकलो, हे आपणांस सांगावेसे वाटते.

सुरुवात प्लास्टिकच्या कागदाने केली. चार दगडांवर कागद पसरला, त्याचे उंचवटे केले आणि निळीचे पाणी वरून शिंपडले. एका उंचवट्याच्या दोन बाजूंना पडलेले थेंब दोन वेगळ्या खळग्यांत गेले. ज्या जमिनीवरचा सगळा पाऊस वाहत येऊन एकाच ठिकाणी मिळतो, ती जमीन म्हणजे त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र. मुलांनी मग आपला माळ पाहिला. माळावरचे पाणी ओढ्याला, ओढ्याचे दक्षिणेला गोदावरीला, आणि तिथून पार आंध्रातल्या समुद्राला! “म्हणजे आपलं पानी समुद्र पितो,” एक मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेलाचे दोन डबे आडवे कापले. एकात नुसती माती, दुसऱ्यात हरळीसकट उचललेले ढेकूळ. दोन्ही डबे तिरपे ठेवून झारीने सारखेच पाणी घातले. पहिल्या डब्यातून गढूळ लोंढा लगेच बाहेर आला. दुसऱ्यातून पाणी उशिरा आणि कमी आले, तेही बरेच स्वच्छ. गवत पाण्याचा वेग मोडते आणि मुळांच्या वाटेने ते मातीत उतरते. उघड्या माळावर मात्र पाण्याबरोबर मातीही जाते.

मग हिशेब. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. २५ मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे अडीच लाख लिटर, म्हणजेच १०,००० लिटरचे २५ टँकर. टँकरमागे हंडे घेऊन पळालेल्या मुली फळ्याकडे बघतच राहिल्या.

हे पाणी धरायचे कसे? नियम एकच, माथा ते पायथा. आधी माळावर समान उंचीच्या रेषेत सलग समतल चर खणायचे, गवत आणि झाडे लावायची. मग शेतांचे बांध, मग ओढ्यात दगडी बांध, आणि सर्वांत शेवटी खालचा मोठा बंधारा. उलट क्रमाने काम केले तर वरची माती वाहून येते आणि बंधारा गाळाने भरतो. समान उंचीची रेषा शोधायला महागडे यंत्र लागत नाही. तीन काठ्यांची घोड्यासारखी चौकट, मधोमध दोरीला बांधलेला दगड, एवढ्यावर भागते. सपाटीला दोरी जिथे येते तिथे आडव्या काठीवर आधी खूण करून ठेवायची. मग माळावर दोरी त्या खुणेवर आली की चौकटीचे दोन्ही पाय एका उंचीवर आहेत असे समजायचे. आमच्या मुलांनी अशा दोन चौकटी केल्या आणि चुन्याने माळावर रेषा आखल्या.

आपल्या भागात हे काम आणखी महत्त्वाचे, कारण खाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण थोडी असते. ती लवकर भरते, आणि उपशाला मर्यादा नसेल तर लवकर संपतेही.

रेषा आखून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, “ताई, पानी आमी वर अडवायचं, अन् हीर भरनार खालच्या शेतवाल्याची. मंग आमाला काय?”

मला उत्तर देता आले नाही. या वस्तीला स्वतःची जमीन नाही. दिवाळीनंतर यांचे आईबाप ऊस तोडायला जातात. माळावर जिरलेले पाणी खालच्या विहिरीत उतरते आणि त्यातले बरेच उसाला जाते.

हा प्रश्न पूर्वीही विचारला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, कुटुंबातील माणसांवर ठरला. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे पाणी, भूमिहीनांचाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही! आपल्याच जिल्ह्यातील कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने माथ्यापासून काम केले. आज हे गाव द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. या कार्यक्रमामागे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर होते, हे आपल्या मंडळ्यांना ठाऊक असावे. पाणी अडवणे कडवंचीकडून शिकावे, वाटणे नायगावकडून. दोन्ही धडे बरोबर घ्यावे लागतात.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायातील इसहाक मला त्या रात्री आठवला. बुजवलेल्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या. नव्या दोन विहिरींवर भांडण झाले, तसा तो पुढे सरकला. तिसरीवर कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे मोकळी जागा. इसहाकाला पुढे सरकायला जागा होती. आमच्या वस्तीला ती नाही. तिच्यासाठी रहोबोथ इथेच करावे लागेल.

म्हणून चर खणण्याआधी आम्ही मुलांसह खालच्या शेतकऱ्यांकडे गेलो. एका वडीलधाऱ्यांनी चुन्याच्या रेषा पाहिल्या आणि उन्हाळ्यात वस्तीला आपल्या विहिरीवर पिण्याचे पाणी भरू देण्याचे कबूल केले. बाकीचे अजून विचार करत आहेत. हा वाटा ग्रामसभेत सर्वांसमोर ठरावा, असा आमचा प्रयत्न आहे. तोंडी शब्द दुष्काळात टिकत नाही.

आपणांस तीन विनंत्या आहेत. या ग्रामसभेसाठी प्रार्थना करा. कुदळी, टिकाव व घमेल्यांसाठी शक्य ती मदत पाठवा. आणि आपल्या मंदिराचे छप्पर मोजा. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. ते आज कुठे जाते, हे येत्या रविवारी संडेस्कूलच्या मुलांना शोधायला सांगा.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण