मेंदूचा पत्ता पेशींना कोण सांगते?

गुळाची ढेप फडताळात कितीही जपून ठेवा, मुंगळ्यांना तिचा पत्ता लागतोच. वास जिकडे दाट, तिकडे ते वळतात. तुमच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही काहीशा अशाच वाट काढतात. शरीरातील ठिकठिकाणच्या पेशी केमोकाइन नावाची लहान प्रथिने सोडतात. ती ओळखणारे रेणू पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात. त्यांना ग्राही म्हणतात. जुळणारे केमोकाइन भेटले की पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि तिथून बाहेर पडते. सीसीआर-७ हा ग्राही असलेल्या पेशी अशा रीतीने लसीका ग्रंथींत पोचतात. घसा सुजला की जबड्याखाली ज्या गाठी हाताला लागतात, त्या याच ग्रंथी.

तीव्र ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा झपाट्याने वाढणारा कर्करोग. त्यात अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार माजतात. एके काळी औषधांनी रक्त स्वच्छ झालेली मुले काही महिन्यांनी डोकेदुखी आणि वांत्या घेऊन परत येत. रोगट पेशी मेंदूच्या आवरणात दडून बसलेल्या असत आणि रक्तातले औषध तेथे पुरेसे पोचत नसे. अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६०नंतरच्या दशकात डोक्यावर किरणोपचार केले, शिवाय पाठीच्या कण्यातील द्रवात औषध टोचले. त्यामुळे सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली. मोठेच यश होते ते! पण किरणांमुळे काहींची वाढ खुंटली, काहींना अभ्यास जड जाऊ लागला. म्हणून आता शक्य तेथे किरण टाळतात आणि कण्यातील औषधावर भिस्त ठेवतात.

पण या पेशी मेंदूकडे वळतातच का? टी-पेशी ही पांढऱ्या पेशींची एक जात. तिच्या ल्युकेमियात नॉच-१ नावाचे जनुक पुष्कळदा बिघडून सतत चालूच राहते. न्यूयॉर्क विद्यापीठातील आयफँटिस यांच्या गटाने २००९ साली दाखवले, की हेच जनुक पेशीवर सीसीआर-७ वाढवते. सीसीएल-१९ हे त्याचे जोडीदार केमोकाइन. आता उंदरांवरचा प्रयोग पाहा. रोगट पेशींतून सीसीआर-७ काढून टाकला. उंदरांना ल्युकेमिया झाला, पण मेंदूत तो शिरला नाही! ग्राही तसाच ठेवून सीसीएल-१९ काढले, तरी तेच. चोराने किल्ली नवी घडवलीच नव्हती. घरचीच उचलली होती.

मग ही किल्ली औषधाने निकामी का करू नये, असे तुम्ही विचाराल. अडचण अशी, की निरोगी टी-पेशीही तीच वापरतात. शिवाय वाट एकच नाही. बी-पेशींच्या ल्युकेमियात वेगळाच प्रकार २०१८ साली ड्यूक विद्यापीठात उंदरांमध्ये आढळला. कवटीच्या व मणक्यांच्या हाडांतील मज्जेतून काही रक्तवाहिन्या थेट मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणात जातात. रोगट पेशी या वाहिन्यांच्या आत शिरतच नाहीत. वेल काठीला धरून चढावा तशा त्या बाहेरून, भिंतीला धरून सरकत जातात.