अंगावरून वारं गेल्यानंतरचे पहिले तीन महिने



ऊस विकास विभागाच्या माणसाने दुखण्यावर का लिहावे, असे काही जण म्हणतील. पण लागणीच्या नोंदी घेत फिरताना ओसरीवर बाजेला खिळलेला माणूस दिसतोच. लिंबागणेश भागात म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग जाते, उजव्याला झाली तर डावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे बोबडे झाले की लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच आणि तेही सिटी स्कॅन पाहूनच देतात. पारव्याचे रक्त चोळीत बसणाऱ्यांचे नेमके हेच तास जातात.

जीव वाचून माणूस घरी आला की खरे काम सुरू होते. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. आपल्या नांग्या भरण्यासारखेच हे आहे, वेळ टळली की प्लॉट विरळ राहतो. पण अति घाईही नको. २०१५ साली २१०४ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला. पहिल्या चोवीस तासांतच उठवून भरपूर हालचाल करविलेल्यांची प्रगती उलट कमी झाली. थोडा थोडा वेळ, पण वरचेवर, हे बरे ठरले.

रोगी किती सुधारला हे मोजायचे कसे? अमेरिकेत माहोनी आणि बार्थेल या दोघींनी १९६५ साली एक माप प्रसिद्ध केले, ते दवाखान्यांत आजही वापरतात. जेवण, आंघोळ, दात घासणे-दाढी, कपडे, शौचावर व लघवीवर ताबा, संडासला जाणे, पलंगावरून खुर्चीवर बसणे, चालणे आणि जिना. दहा कामे, शंभर गुण. हात किती वर जातो हे त्यात विचारतच नाहीत. माणूस स्वतःचे स्वतः काय करतो, एवढेच पाहतात.

आणि आपण नेमके तेच करू देत नाही. सून घास भरवते, मुलगा उचलून नेतो. माया खरी, पण त्याने अंग आणखी आखडते. वेळ लागला, सांडले तरी त्यांच्या हाताने जेवू द्यावे. मात्र आडवे असताना पाणी पाजू नये, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना तो शेवटी. धोतरापेक्षा नाडी नसलेला, इलॅस्टिकचा पायजमा सोपा. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा कायमचा दुखावतो. झोळ पडलेल्या बाजेवरून धडधाकट माणसालाही उठवत नाही, म्हणून लाकडी पलंग बरा. उकिडवे बसता येत नसेल तर मध्ये भोक पाडलेली भक्कम खुर्ची संडासात ठेवावी.

घरच्यांनीच सगळे शिकून घेतले म्हणजे भागले, असे मात्र नाही. आपल्याच देशात १४ दवाखान्यांत १२५० रुग्णांवर हे पाहिले गेले. २०१७ सालच्या त्या निकालात, घरच्यांना शिकविलेल्या आणि न शिकविलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनंतर फरक दिसला नाही. तेव्हा बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन व्यायामोपचार तज्ज्ञांना दाखवावे.

आपल्या जिल्ह्याची अडचण वेगळीच आहे. दिवाळीनंतर म्हातारा पडला तर मुलगा-सून उचल घेऊन टोळीबरोबर गेलेले असतात. हंगामाचे महिने तेच आणि सुधारणेचे महिनेही तेच. मागे राहते म्हातारी. तिच्याने नवरा उचलवत नाही. तो स्वतः खुर्चीपर्यंत गेला तर दोघांचेही निभते. अशा घरातून निदान एकाने पहिले तीन महिने मागे राहावे, असे मला वाटते. मुकादमाशी हे बोलणे उचल घेण्यापूर्वीच करावे.

जाता जाता ऊसबिलाचे. उजवा हात गेला म्हणून खाते घाईने मुलाच्या नावे करण्याचे कारण नाही. सही जमत नसेल तर बँकेत साक्षीदारांसमोर अंगठा चालतो.