गामाची राहून गेलेली कुस्ती

गामा पैलवान कुस्ती हरल्याची नोंद नाही. त्यामुळे त्याच्याविषयीचा वाद हारजितीचा उरत नाही. तो कोणाशी लढला, केव्हा लढला आणि कोणाशी लढायचा राहिला, यावरच वाद रंगतो. मुष्टियुद्धाचे शौकीन प्रत्येक विजेत्याबाबत हेच प्रश्न उकरून काढतात. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी विजेत्याची जोड कोण ठरवतो, हे आधी पाहावे लागते.

गामाच्या उमेदीच्या काळात जोड ठरवण्याचा अधिकार बहुतांशी संस्थानिकांकडे होता. पैलवानाचा खुराक दरबारातून चाले आणि त्याच्या कुस्तीला दरबाराची इभ्रत लागलेली असे. म्हणून गामाने हरवलेल्यांची यादी बहुतांशी संस्थानांच्या नकाशासारखी दिसते: दतियाचा गुलाम मोहिउद्दीन, भोपाळचा प्रतापसिंग, इंदूरचा अली बाबा सेन, मुलतानचा हसन बक्ष. इंदूर ही होळकरांची राजधानी. अशा दरबाराचा मल्ल पाडणे म्हणजे त्या मुलखातली पैलवानी मागे टाकणे, असा हिशेब होता.

महाराष्ट्रातल्या कुस्ती मैदानांत जोड आजही उघड्यावर पारखली जाते. वस्ताद मंडळी वय, वजन आणि तयारी पाहून जोड लावतात. मोठी कुस्ती लागण्यापूर्वी दोन्ही पैलवानांना मैदानात फिरवतात, म्हणजे जोड तुल्यबळ आहे की नाही हे प्रेक्षकांना दिसते. जोड विजोड वाटली तर लोक तिथल्या तिथे ओरडा करतात. इनाम मोठे आणि प्रतिस्पर्धी हलका, हे मैदानाला सहसा खपत नाही.

गामाच्या कारकिर्दीतली खरी तुल्यबळ जोड गुजराणवाल्याच्या रहीम बक्ष सुलतानीवाल्याशी होती. रहीम जवळजवळ सात फूट उंच, तर गामा साडेपाच फुटांच्या थोडा वर. 1895 मध्ये दोघे प्रथम भिडले तेव्हा रहीम नामांकित होता आणि गामा कोवळा. ती कुस्ती बरोबरीत सुटली. निकाल लागला तो 1911 मध्ये, अलाहाबादेत. गामा जिंकला आणि ‘रुस्तम-ए-हिंद’ ठरला. पण तोवर रहीम उतरणीला लागला होता, असा आक्षेप घेता येतो. तो खोडून काढणे कठीण आहे, कारण 1895 ची बाजू गामाच्या विरुद्ध होती आणि 1911 ची त्याच्या बाजूने. कुस्ती कोणाशी झाली याइतकेच ती कधी झाली यालाही महत्त्व येते, ते असे.

खरा वाद 1910 च्या लंडन दौऱ्याचा आहे. उंची कमी म्हणून स्पर्धेत प्रवेश मिळेना, तेव्हा गामाने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचा डॉक्टर बेंजामिन रोलर पुढे आला. त्याला गामाने पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत पाडले. 10 सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी गाठ पडली. वजनाने भारी असलेला झ्बिस्को बहुतेक वेळ चटईवर ओणवा पडून राहिला आणि सुमारे अडीच तासांनंतरही कुस्ती निकाली झाली नाही. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही आणि विजेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. पण त्या काळचे दोन सर्वांत मोठे मल्ल, अमेरिकेचा फ्रँक गॉच आणि रशियन साम्राज्यातला जॉर्ज हॅकनश्मिट, गामासमोर कधीच उभे राहिले नाहीत.

गॉच विरुद्ध गामा अशी कुस्ती झाली असती तर? याचे उत्तर शोधताना लोक समान प्रतिस्पर्ध्याकडे वळतात. गॉचने झ्बिस्कोला त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोत हरवले होते. पहिला डाव काही सेकंदांत आणि दुसरा अर्ध्या तासाच्या आत. गामाला त्याच झ्बिस्कोला तीन महिन्यांनी अडीच तासांत चीत करता आले नाही. यावरून गॉच सरस ठरतो का? पहिल्या डावात झ्बिस्को हस्तांदोलनाच्या तयारीत असताना गॉचने त्याला गाठले, असे सांगतात. लंडनमध्ये झ्बिस्कोने जिंकण्याचा नाद सोडून फक्त वाचण्याचा पवित्रा घेतला होता. 1928 मध्ये पतियाळ्यात गामा आणि झ्बिस्को पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. त्या वेळी दोघांचेही वय पन्नाशीच्या घरात होते. तोच प्रतिस्पर्धी तीन कुस्त्यांत तीन वेगळ्या बाजू दाखवतो, म्हणून समान प्रतिस्पर्ध्यावरून काढलेला निष्कर्ष लंगडा पडतो.

काल्पनिक लढतीचे उत्तर अटींवर हलते. गॉचचा हुकमी डाव पाय पिळण्याचा आणि त्याच्या कुस्त्या चटईवरच्या. गामाची पैलवानी मातीतली. चटई की माती, पायाचे डाव चालतील की नाही, वेळेची मर्यादा किती, हे ठरवल्याशिवाय प्रश्न अर्धाच राहतो. मुष्टियुद्धात तर संगणकाकडून उत्तर घेण्याचा प्रयोग झाला. 1970 मध्ये दाखवलेल्या चित्रपटात रॉकी मार्सियानोने मुहम्मद अलीला तेराव्या फेरीत पाडले. पण संगणकाला माहिती माणसांनीच पुरवली होती, त्यामुळे निकाल त्या माहितीपलीकडे गेला नाही.

प्रतिस्पर्धी टाळण्याच्या आरोपावर व्यावसायिक मुष्टियुद्धाने अनिवार्य आव्हानवीराचा नियम आणला. संघटना एकाला पुढचा दावेदार ठरवते आणि विजेता त्याच्याशी ठरावीक काळात लढला नाही, तर त्याचा पट्टा काढून घेता येतो. तरी संघटना चार आणि पैसा मोठा, त्यामुळे पळवाटा उरतात. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीची बोलणी 2009 मध्ये सुरू झाली. लढत झाली 2 मे 2015 रोजी, जेव्हा एक 38 वर्षांचा आणि दुसरा 36 वर्षांचा होता.

ऑलिंपिक कुस्तीत निवडीला वावच नाही. उदाहरणार्थ, 1992 मध्ये इंदूरचे मल्ल पप्पू यादव बार्सिलोनात ग्रीको-रोमन प्रकाराच्या 48 किलो गटात उतरले. तिथे प्रतिस्पर्धी वजनगट आणि सोडत यांतून ठरतो. दरबार, आयोजक किंवा स्वतः मल्ल यांचा त्यात हात नसतो. म्हणून तिथला पराभूत जोड चुकीची होती असे म्हणू शकत नाही आणि विजेत्यावर कोणाला टाळल्याचा आरोप होत नाही. व्यावसायिक आखाड्यात मात्र जोड ठरवणारा जोवर कोणीतरी असतो, तोवर हा वाद संपत नाही. अशा वादात विजेत्याचे माप घेताना आव्हान कोणी दिले, कोणी नाकारले आणि त्या वेळी दोघांची तयारी कशी होती, या तीन गोष्टींच्या नोंदी तपासाव्या लागतात.