पासंग पाहणारी पोर

भाजीवाल्याच्या तराजूचा पासंग आपण बायका किती बारकाईने पाहतो! पण गावाशेजारच्या एमआयडीसीतल्या टाक्यांमधला दाब, उष्णता, पातळी मोजणाऱ्या यंत्रांचा पासंग कोण पाहतं, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. मी पडले मराठी घेऊन बी. ए. झालेली! ते सांगितलं आमच्या बचतगटातल्या एका ताईंच्या लेकीने. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून ती एका केमिकल कंपनीत लागलीय.

"ट्रान्समीटर म्हणजे रेडिओचा नव्हे हं काकू," तिने आधीच बजावलं. पाइपावर बसवलेला हा डबा आतला दाब मोजतो आणि तारेतून कंट्रोल रूमला कळवतो. दाब नसेल तर ४ मिलिअँपिअर, पूर्ण असेल तर २०. शून्याला ४ का? तर तार तुटली की प्रवाह खरोखरच शून्य होतो आणि बिघाड लगेच कळतो. किती साधी युक्ती!

कॅलिब्रेशन करताना हातपंपाने दाब द्यायचा आणि खात्रीच्या मापकाशी ताडून पाहायचं. ० ते १० बारच्या यंत्राला ५ बार दिले, तर १२ मिलिअँपिअर यायलाच हवेत. असे पाच टप्पे, चढताना आणि पुन्हा उतरताना. रिकाम्या तराजूतच फरक असेल तर 'झिरो' सरकलाय, वजनासोबत फरक वाढत गेला तर 'स्पॅन'. दुरुस्तीआधीचा आकडा लिहून ठेवायचा. नाहीतर आजवर किती चुकीचं मोजलं गेलं ते कळणार कसं? आणि हात लावण्यापूर्वी कंट्रोल रूमला सांगून यंत्रणा मॅन्युअलवर घ्यायची, नाहीतर आपल्या पंपाच्या दाबाला फसून व्हॉल्व्ह आपोआप उघडझाप करू लागतो.

"हलता आकडा बरा, काकू. अजिबात हलत नसला की मी आधी नळी तुंबलीय का बघते."

अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ला झालेल्या स्फोटाबद्दलही तिनेच सांगितलं. १७० फुटी टॉवरमध्ये द्रव १५८ फुटांपर्यंत चढला होता आणि ट्रान्समीटर दाखवत होता आठेक फूट, तेही उतरत चाललेले! कॅलिब्रेशन जुन्या माहितीवरून केलेलं. द्रव तापून हलका होत गेला तसा आकडा आणखी खाली. पातळी डोळ्यांनी पाहायची काचेची नळी मळलेली, धोक्याची वेगळी घंटा वाजलीच नाही. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली.

हे माहीत असल्यावर ती कशी गप्प बसेल? गेल्या शटडाउनला घाई होती. "मागच्या वेळचे आकडे उतरव आणि सही कर," असं तिला सांगण्यात आलं. पोरीने सही केली नाही. दोन दिवस बोलणी खाल्ली, आईसमोर रडलीही. तिसऱ्या दिवशी तपासायला वेळ मिळाला. बरीचशी यंत्रं ठीक निघाली, एकाचा झिरो चांगलाच सरकलेला होता. शाबासकी वगैरे कुणी दिली नाही म्हणा!

आमच्या गटातल्या आणखी दोघींच्या मुलींना आता हाच कोर्स करायचाय. एकीचे वडील दुसऱ्या पाळीनंतर मुलगी घरी येणार कशी, यावर अडून बसलेत. प्रश्न रास्त आहे. कंपनीची बस कुठवर येते ते विचारून ठेवलंय. रविवारी त्यांच्याकडे जायचंय.