झाशीचा न लिहिलेला हजेरीपट

येत्या १८ जूनला ग्वाल्हेरच्या फुलबागेतील समाधीवर दरसालच्या परिपाठाप्रमाणे पुष्पे वाहिली जातील, झाशीत मिरवणुका निघतील, शाळाशाळांतून कमरेला लाकडी तलवार लावलेल्या मुली आवेशाने भाषणे करतील, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या सोहळ्याची छायाचित्रे झळकतील. राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतीची उपेक्षा झाली असे आज कोणालाही म्हणता येणार नाही. झाशीच्या रेल्वे स्थानकाला त्यांचे नाव लाभले आहे. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात यंत्राच्या पडद्यावरून हुतात्म्यांना पुष्पांजली वाहता यावी अशी जी योजना निघाली, तिचा आरंभही २०२१ च्या नोव्हेंबरात, बाईसाहेबांच्या जयंतीस, झाशीतच झाला. हे सर्व उचित आहे. परंतु या सन्मानाच्या गजरात एक गोष्ट मागे राहून गेली आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे: लक्ष्मीबाई रणांगणावर पडल्या त्या राणी म्हणून नव्हे, तर एक अनोळखी तरुण सवार म्हणून.

ग्वाल्हेरनजीक कोटा-की-सराय येथे इंग्रजांच्या आठव्या हुसार पलटणीच्या घोडेस्वारांनी जी चढाई केली, तिच्यात बाईसाहेबांस जखमा झाल्या. इंग्रजी कागद त्या लढाईची तारीख १७ जून १८५८ अशी देतात, आपली परंपरा १८ जून मानते. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. त्यांच्या अंगावर पुरुषी सवाराचा पोशाख होता, आणि ज्याने वार केला त्या हुसारास आपण कोणावर शस्त्र चालविले याची कल्पनाही नव्हती. बाईसाहेब रणात पडल्याचे इंग्रज सेनापती सर ह्यू रोज याला समजले ते मागाहून. जन्मसाल १८२८ धरले तर त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आतले होते, आणि काही चरित्रकार मानतात त्याप्रमाणे १८३५ धरले तर अवघे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षाचे. त्यांच्याबरोबर त्यांची सखी मुंदर हीही त्याच धामधुमीत पडली, असे परंपरा सांगते. मुंदरचे नाव किती भाषणांत येईल?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. तो दफ्तराचा आहे. त्याच दिवशी, त्याच चढाईसाठी आठव्या हुसार पलटणीस चार व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. ते कोणास द्यावेत याची निवड सोबत्यांच्या मतानेच झाली, आणि ते चौघे म्हणजे कॅप्टन हेनेज, सार्जंट वॉर्ड, नालबंद हॉलिस व साधा सैनिक पिअर्सन. कप्तानापासून घोड्यांना नाल ठोकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे नाव, हुद्दा, पलटण व तारीख ही सर्व आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही कोणास हवी तेव्हा सापडतात. त्यापूर्वी अडीच महिने इंग्रजांनी वेढलेल्या झाशीच्या तटावर जे घडले त्याचीही नोंद अशीच चोख आहे. ३ एप्रिल १८५८ रोजी शिड्या लावून तट चढताना मुंबई इंजिनिअर्सचे डिक आणि मिकलजॉन हे दोन लेफ्टनंट अग्रभागी राहून मारले गेले. त्यांच्या पक्षाशी आपला विरोध असला, तरी ज्या वयात माणूस आयुष्याचे बेत करतो त्या वयात शिडीच्या टोकावर पोहोचून मृत्यूला सामोऱ्या गेलेल्या त्या दोघांबद्दल अनुदार शब्द काढावासा वाटत नाही. त्यांच्या सरकारने त्यांची नावे टिपून ठेवली, हे त्या सरकारचे कर्तव्य होते आणि ते त्याने बजावले.

आता तटाच्या आतल्या बाजूचा हिशेब पाहा. इंग्रज इतिहासकार कर्नल मॅलेसनच्या ग्रंथात झाशीच्या मोहिमेतील इंग्रजांचे मृत व जखमी मिळून ३४३, पैकी ३६ अधिकारी, असा एककापर्यंत नेमका आकडा दिला आहे. झाशीवाल्यांची प्राणहानी मात्र सुमारे ५०००. एका बाजूचा आकडा मोजलेला, दुसऱ्या बाजूचा अंदाजलेला. त्या गोल आकड्यात गोलंदाज आहेत, अफगाण व बुंदेले शिपाई आहेत, दक्षिणेतून दोन-तीन पिढ्यांमागे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलगे आहेत, कोरी समाजातील विणकर आहेत. तोफांपाशी दारूगोळा वाहून नेताना शत्रूच्या अधिकाऱ्यांनी दुरून पाहिलेल्या आणि पुढे आपल्या अहवालांत उल्लेखिलेल्या बायकाही आहेत. शिवाय ज्यांनी हाती शस्त्रच धरले नव्हते ते नागरिकही त्यातच मिसळले आहेत.

या आतल्या बाजूचा एकच साक्षीदार असा आहे की ज्याने मराठीत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, विस्ताराने लिहून ठेवले. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईचा विष्णुभट गोडसे हा भिक्षुक ब्राह्मण बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने चुलत्यासह १८५७ साली उत्तरेकडे निघाला, वाटेत बंडाच्या वणव्यात सापडला आणि वेढ्याच्या दिवसांत झाशी शहरात अडकून पडला. त्याचा ‘माझा प्रवास’ प्रथम १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी बऱ्याच फेरफारांसह छापला, आणि मूळ हस्तलिखितानुसारी आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. इतिहासकार त्याच्या तारखा आणि ऐकीव मजकूर तपासून घेतात, ते योग्यच आहे. परंतु वेढा पडलेल्या शहरात सामान्य माणसाला काय दिसते, हे त्याच्याइतके कोणत्याही सेनापतीच्या अहवालात उतरलेले नाही. दिवसा गोळ्यांनी पडलेले खिंडार रात्रीच्या अंधारात गवंडी लावून पुन्हा बांधून काढले जात होते, हे तो सांगतो; चांगला नेम साधणाऱ्या गोलंदाजास बाईसाहेब बक्षीस देत, हेही सांगतो. आणि शहर पडल्यावर जे बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, झाले त्याचे वर्णन करताना त्याची लेखणी अशी काही थिजते की वाचणाऱ्याने पुस्तक क्षणभर मिटावे. गल्लीगल्लीतून प्रेते साठली. ती उचलण्यास माणसे उरली नाहीत. मग चौकाचौकांत ढीग रचून, घरांची दारे, खिडक्या, सामानसुमान हाती येईल ते लाकूड घालून त्यांचे सामुदायिक दहन करण्यात आले. ज्या शहरात मृताला स्वतंत्र चिता मिळत नाही, तेथे त्याचे नाव टिपून घ्यायला कारकून कोठून येणार? झाशीचा हजेरीपट गहाळ झालेला नाही. तो त्या दिवशी लिहिलाच गेला नाही.

याच विष्णुभटाने काल्पीच्या वाटेवरील एका विहिरीपाशी बाईसाहेबांना पाहिल्याची हकीकत दिली आहे. पठाणी पोशाख, सर्वांगावर धूळ, चेहरा उन्हाने लाल झालेला, आणि तहानेने जीव कासावीस. विष्णुभट पाणी काढून देऊ लागला, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून पाणी ओढवून घेणे बरे नव्हे असे म्हणून त्यांनी दोरी आपल्या हाती घेतली, मातीचे भांडे विहिरीत सोडले, स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने प्याल्या. चित्रकारांनी व शिल्पकारांनी पाठीशी मूल बांधून घोडा उडविणारी राणी आपल्या डोळ्यांसमोर इतकी दृढ केली आहे की ही विहिरीवरची दमलेली, धुळकट, एकाकी शिपाईमूर्ती आपल्याला आठवतच नाही. मला मात्र पुतळ्यांपेक्षा हीच मूर्ती अधिक खरी वाटते, कारण पराभवानंतरच्या वाटेवर कोणताही जवान असाच दिसतो.

कोणी म्हणेल की व्यक्तींची नावे कोरून ठेवणे ही इंग्रजांची रीत, आपली परंपरा निराळी. ती निराळी आहे खरी, पण दरिद्री खास नाही. महाराष्ट्रात गावोगावी शिवमंदिराच्या आवारात किंवा वेशीवर जे वीरगळ उभे आहेत ते एकदा जवळून न्याहाळावेत. सर्वांत खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी गाईंची रांग, म्हणजे गोधन सोडविताना त्याला मरण आले हे समजावे. त्यावरच्या चौकटीत चालू असलेली लढाई, ढाल-तलवार उगारलेली. त्याच्याही वर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला स्वर्गास नेत आहेत. आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे, माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असतील तोवर ही कीर्ती राहील. तो कसा मेला, कशासाठी मेला आणि कोठे गेला हे सर्व त्या हातभर रुंद दगडावर आहे. नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नाही. ज्या गावाने तो दगड उभा केला त्याला नाव ठाऊक होते, म्हणून ते कोरण्याची गरज वाटली नाही. गावाची स्मृती अखंड राहील हा त्यामागचा विश्वास होता, आणि पुढे दुष्काळ, परचक्र व स्थलांतर यांनी तो विश्वास खोटा ठरविला. आज त्या दगडास शेंदूर लावणारी माणसे आहेत, पण तो कोणाचा हे सांगणारे कोणी नाही.

झाशीत तीच गोष्ट घडली, फक्त लोकांनी ती पूर्णपणे घडू दिली नाही. बुंदेलखंडातील हरबोल्यांनी गाण्यांतून जे जपले, म्हाताऱ्या स्त्रियांनी नातवंडांना जे सांगितले, त्यातून काही नावे तरली. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या राणीवरील आपल्या कादंबरीच्या मुळाशी अशीच घरातली आठवण होती. त्यांचे पणजोबा आनंदराय हे राणीच्या बाजूने लढताना मऊ येथे पडले होते. भोजला गावची झलकारीबाई आणि तिचा पती पूरन कोरी ही नावे इंग्रजी कागदांनी नव्हे, तर कोरी समाजाच्या मुखपरंपरेने वाचविली. आणि टपाल खात्याने झलकारीबाईंचे तिकीट काढले ते २००१ साली, म्हणजे त्या रणधुमाळीनंतर जवळजवळ दीड शतकाने. ज्यांना दफ्तर नव्हते त्यांनी कंठाला दफ्तर केले, याबद्दल त्या समाजाचे आपल्यावर मोठे ऋण आहे.

झाशीच्या किल्ल्यात गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची थडगी एकाच ठिकाणी आहेत. ‘कडक बिजली’ व ‘भवानी शंकर’ या तोफा पाहून लोक पुढे जातात, बाईसाहेबांनी घोडा उडविल्याची जागा पाहण्यासाठी तटावर दाटी होते, आणि या तिघांपाशी थांबणारे त्या मानाने थोडे. मराठा संस्थानाच्या किल्ल्याचे रक्षण करताना दोन मुसलमान तोफखानेवाले आणि रंगभूमीवरून तोफेपाशी आलेली म्हणून परंपरेला परिचित असलेली एक स्त्री यांनी प्राण दिले आणि ती तिघे त्याच किल्ल्यात विसावली, ही घटना माझ्या मते या किल्ल्यातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत तिला एका वाक्याहून अधिक जागा मिळावयास हवी.

आणि तटाच्या बाहेरही आपलीच माणसे होती, हे मराठी वाचकाने विसरू नये. सर ह्यू रोजच्या फौजेत मुंबई देशी पायदळाच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या पलटणी होत्या, आणि मुंबई फौजेची भरती ‘परदेशी’ म्हणजे उत्तर हिंदुस्थानी शिपायांबरोबरच कोकणातून व देशावरूनही होत असे. झाशीच्या भिंतीच्या दोन्ही अंगांना मराठी बोलणारे तरुण मेले असतील, हे मान्य करणे जड जाते. पण इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर मान्य केले पाहिजे. त्यांपैकी कोणालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळणे शक्यच नव्हते, कारण हिंदी शिपाई त्या सन्मानास पात्र ठरला तो १९११ साली.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले तेव्हा त्यागचक्राच्या भिंतींत २५,९४२ जवानांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली होती: एक जवान, एक वीट, त्यावर नाव, हुद्दा आणि पलटण. सुभेदाराची वीट शिपायाच्या विटेपेक्षा मोठी नाही. स्वातंत्र्योत्तर जवानाला राष्ट्राने दिलेला हा न्याय १८५८ च्या जवानाला का मिळू नये? झाशीच्या किल्ल्यात, ज्या बाजूच्या तटावर अखेरचा हल्ला झाला त्या दक्षिणेकडे, एक साधी भिंत उभारावी आणि जेवढी नावे प्रमाणाने किंवा परंपरेने हाती येतील तेवढी तिच्यावर लिहावीत, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. काम अवघड आहे, पण साधने अगदीच तुटपुंजी नाहीत. विष्णुभटाची हकीकत आहे, दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी १८९४ साली, वेढा पाहिलेली माणसे हयात असताना, सिद्ध केलेले चरित्र आहे, बंडानंतरच्या खटल्यांची व फाशीची इंग्रजी दफ्तरे आहेत. झाशीत फासावर गेलेले बाईसाहेबांचे वडील मोरोपंत तांबे हे काही त्या दफ्तरांतील एकटेच नाव नव्हे. आणि झाशी, मऊ व ग्वाल्हेर येथील जुन्या घरांतून अजूनही कुलवृत्तांत व आठवणी आहेत. पुण्याच्या संशोधक मंडळींनी, बुंदेलखंड विद्यापीठाने आणि पुरातत्त्व खात्याने एकत्र बसून हे सर्व गोळा करावे, आणि प्रत्येक नावापुढे ते कोठून मिळाले हे प्रांजळपणे नमूद करावे: हे इंग्रजी कागदातून, हे विष्णुभटाच्या पोथीतून, हे गाण्यातून, हे आजीच्या तोंडून. जेथे आडनाव नाही तेथे नुसते नाव लिहावे. जेथे नाव नाही आणि काम ठाऊक आहे तेथे गोलंदाज, गवंडी, दारूगोळा वाहणारी स्त्री असे लिहावे. पहिल्या ओळीत कोण असावे यावर वाद घालण्याचे कारण नाही. क्रम वर्णानुक्रमाने ठेवावा, म्हणजे लक्ष्मीबाई आपोआप मुंदर, मोतीबाई आणि मोरोपंतांच्या शेजारी येतील.