बटण दिसते, हाताला लागत नाही

जुन्या मोबाइलच्या पाच आकड्याच्या बटणावर बहुधा एक बारीकसा उंचवटा असे. तो कशासाठी, याचा विचार फारसा कोणी केला नसेल. पण अंगठा त्यावर टेकला की उरलेली बटणे न पाहता सापडत. १९९७ साली नोकिया ६११० या फोनमधून आलेला ‘स्नेक’ हा खेळ दोन, चार, सहा आणि आठ या बटणांवर खेळता येई आणि खेळणाऱ्याची नजर सापावरून हलत नसे. आजच्या स्मार्टफोनचा पडदा त्याहून कितीतरी मोठा, रंगीत आणि तत्पर आहे. तो उंचवटा मात्र गेला, आणि वेगवान खेळांच्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

खऱ्या बटणाच्या बाबतीत बोटाच्या तीन अवस्था असतात: दूर असलेले, टेकलेले आणि दाबलेले. कुशल खेळाडूचे बोट बराच वेळ मधल्या अवस्थेत असते. काचेवर ही मधली अवस्थाच नाही. पडद्याखालच्या पारदर्शक विद्युतवाहक जाळीजवळ बोट आले की तिथल्या विद्युतभारात सूक्ष्म बदल होतो आणि फोन त्या बदलालाच आज्ञा समजतो. टेकणे म्हणजेच दाबणे. त्यामुळे अंगठे सतत अधांतरी धरावे लागतात. बोट घामेजले की या मोजमापातही गोंधळ होतो, तो वेगळाच. फोनची थरथर दाबल्यानंतर जाणवते. बटण कुठे आहे, हे ती आधी सांगत नाही.

गुनपेई योकोई यांनी निन्टेंडोच्या १९८२ सालच्या ‘डाँकी काँग’ या हातात मावणाऱ्या खेळात अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशाबटण वापरले. त्याच्या चार भुजा अंगठ्याला चाचपता येत. मोबाइलवर आलेल्या जुन्या खेळांनी अशा बटणांची केवळ चित्रे पडद्यावर काढली. २००९ मध्ये आयफोनवर ‘डूम’ आला, २०११ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’. दोन्ही मूळचे उत्तम खेळ. पण चित्रातल्या बटणाला कड नसल्याने अंगठा हळूहळू सरकतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी उडी मारायची राहून जाते. शिवाय ज्या पडद्यावर शत्रू दिसायचा, त्याचाच कोपरा अंगठ्याखाली झाकला जातो. अंगठा जिथे टेकेल तिथेच दिशाचक्राचा मध्य मानण्याची युक्ती पुढे रूढ झाली. तिने सरकण्याचा त्रास कमी झाला, झाकोळण्याचा नाही.

काचेसाठीच जन्मलेल्या खेळांना ही अडचण भासली नाही. ‘अँग्री बर्ड्‌स’मधील गलोल ताणणे (२००९) किंवा ‘फ्रूट निंजा’मधील फळे कापणे (२०१०) बोटालाच शोभणारे आहे. खुद्द निन्टेंडोने २०१६ मध्ये ‘सुपर मारिओ रन’ आणला तेव्हा मारिओला आपोआप धावते केले. खेळणाऱ्याकडे मुख्यतः उडी उरली. तोडगा चतुर खरा, पण मारिओने थांबावे, मागे वळावे हे मूळचे स्वातंत्र्य त्यात आक्रसले.

खरी बटणे परत आणण्याचे प्रयत्नही झाले. सोनी एरिक्सनच्या २०११ मधील ‘एक्स्पिरिया प्ले’ फोनमधून गेमपॅड सरकवून बाहेर काढता येई. त्याचा वारस आला नाही. २०१३ मध्ये ॲपलने आयफोनला स्वतंत्र गेमपॅड जोडण्याची अधिकृत सोय दिली. पण खिशात फोन असताना आणखी एक उपकरण घेऊन किती जण लोकलमध्ये चढतील?

भारतात अनेक तरुणांसाठी फोन हेच एकमेव खेळयंत्र आहे. २०१८ मध्ये आलेला ‘पबजी मोबाइल’ येथे अफाट लोकप्रिय झाला. २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्‌स मोबाइल इंडिया’ हा त्याचा भारतीय अवतार अवतरला. अशा खेळात चालणे, नेम धरणे आणि गोळी झाडणे एकाच वेळी करायचे असते, अंगठे दोनच. म्हणून निष्णात खेळाडू तर्जन्या वाकवून पडद्याच्या वरच्या कडेवर आणतात आणि चार बोटांनी खेळतात, कोणी फोनच किंचित कलवून नेम साधतात. खेळ स्वतःही नेम धरण्यास थोडी मदत करतो. ‘पबजी मोबाइल’ संगणकावर कीबोर्ड आणि माउसने खेळणाऱ्यांची गाठ मात्र तशाच खेळाडूंशी घालून दिली जाते. काचेवरच्या अंगठ्यांसमोर त्यांना उभे केले, तर सामना बरोबरीचा राहत नाही.