दूध पुरतंय का?

नवं बाळ, नवी आई : लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण जन्मानंतरचा पहिला तास पाहिला. नुसतं पुसून आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलेलं बाळ वासाच्या मागानं, पाय रेटत रेटत स्तनापर्यंत पोचतं, हे वाचून अनेकांनी आश्चर्य कळवलं. आज त्यापुढचे तीन-चार दिवस. या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत एक वाक्य हटकून कानी पडतं : "हिला दूधच पुरत नाहीये." कधी सासूबाई म्हणतात, कधी बघायला आलेली मावशी, आणि दुसऱ्या रात्री रडवेली होऊन आई स्वतःच म्हणते. सकाळी पावडरचा डबा घरात आलेला असतो. या वाक्याची मला मनापासून भीती वाटते, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं आणि डबा आला की ते खरं व्हायला लागतं.

पहिल्या दिवशी येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. एका वेळी जेमतेम चमचाभर. बघणाऱ्याला तो पुरेसा वाटत नाही. पण बाळाचं पोटही त्या दिवशी तेवढंच घेऊ शकतं. चिकात रोगप्रतिकारक घटक ठासून भरलेले असतात आणि ते आतड्याच्या अस्तरावर थर धरतात. पूर्वी अनेक घरांत चीक पिळून टाकत. आता ते कमी झालं, तरी मधाचं बोट, साखरपाणी, गुटी यांचा मोह सुटलेला नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येतं. सिझेरियननंतर कधी कधी याला थोडा उशीर लागतो. तोवर बाळ दर तास-दीड तासानं तोंड उघडतं, रडतं, पुन्हा ओढतं. त्याच्या त्या ओढण्यानंच आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं आणि दूध तयार होतं. रात्री हे प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. दुसरं संप्रेरक ऑक्सिटोसिन. पान्हा फुटतो तो त्याच्यामुळे. बाळाचा आवाज ऐकला, त्याला नुसतं हुंगलं, तरी फुटतो. टाके दुखत असतील, मनात धास्ती असेल, कुणी टोमणा मारला असेल, तर मात्र अडतो. आता मध्येच बाटली आली की बाळाचं पोट भरतं, ते कमी ओढतं, दूध स्तनात साठून राहतं आणि साठलेल्या स्तनात नवं दूध कमी बनतं. चार दिवसांनी "बघा, म्हटलं नव्हतं?" असं ऐकायला मिळतं.

पाजताना बाळ स्तन कसा धरतं, यावर अर्धं यश अवलंबून आहे. आईनं पाठीला टेकू घेऊन बसावं. बाळाचं नुसतं तोंड नको, डोकं, पोट, पाय सगळं एका रेषेत आईकडे वळलेलं हवं. बोंडानं त्याच्या वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करायचा आणि थांबायचं. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की त्याच क्षणी बाळाला जवळ ओढायचं. स्वतः वाकायचं नाही. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूनं जास्त तोंडात. मग आधी भराभर, नंतर संथ, खोल चोखणं सुरू होतं आणि मध्ये गिळल्याचा बारीक आवाज येतो. दुखतच राहिलं तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा धरायला लावावं. बोंडाला चिरा पडणं हा पाजण्याचा भाग नव्हे. बहुतेक वेळा पकड चुकल्याची ती खूण असते.

जवळीक ही काही वेगळी शिकवायची गोष्ट नाही. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं बरं दिसतं. छातीशी धरलेल्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत आज आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही वापरतात. बाळाचा श्वास आणि अंगाची ऊब त्यानं स्थिरावते. बाबांनी शर्ट काढून बाळाला असं तासभर घेतलं, तर तेवढ्यात आईची झोप होते.

मग पुरतंय हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही, लंगोटांवरून. पहिल्या दिवशी एक-दोन वेळा शू, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा. काळपट चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं व्हावं. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, त्यानं घाबरू नये. दोन आठवड्यांच्या आत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं.

काही आयांना खरोखरच दूध कमी येतं. त्यात त्यांचा दोष नाही आणि त्यांना बोल लावणं क्रूरपणाचं आहे. नाजूक, आजारी बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली; आज अशा पेढ्या इतरही शहरांत आहेत. वरचं दूध द्यावं लागलंच तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. बाळाला दूध पाजायचं काम आईवर सोडा. तुम्ही आईला गरम जेवण द्या, तांब्याभर पाणी तिच्या हाताशी ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत बसवा. मात्र बाळ पाजायला उठतच नसेल, शू कमी होत असेल, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल किंवा डोळे-अंग पिवळं दिसत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.